आबांचा उजेड

"बसला तिकीट आहे म्हणे," मी म्हणाले.

"काहून? आज फुकट आहे ना?"

"लेणी फुकट आहेत, आबा. बस नाही."

"मग बशीनं कोण चाललंय? आपण लेण्याला चाललो."

आमच्या मागं रांगेत उभी असलेली माणसं हसली. फर्दापूरच्या फाट्यावर पंधरा ऑगस्टची सकाळ होती, दहा वाजत आले होते, आणि अर्धा जिल्हा अजिंठा बघायला उतरला होता. गालांवर तिरंगे काढलेल्या पोरी, पुऱ्यांचे डबे, पाण्याच्या बाटल्या. एका बाईच्या हातात तर कुकर होता. झाकण लावलेला, शिट्टीसकट. फाट्यापासून लेणी चार किलोमीटर आणि खाजगी गाड्या पुढं सोडत नाहीत, त्यामुळं त्या बसशिवाय कुणाचाच इलाज नव्हता. आबांना मात्र तो इलाज पटत नव्हता.

"चालत जाऊ. मी तीस वर्षं रोज चालत गेलो."

"तेव्हा तुम्ही चाळिशीत होतात."

"आणि आता?"

"आता अडुसष्ट. आणि धोंडा समोर आला तर दिसत नाही."

मी कंडक्टरला हळूच पैसे दिले आणि परत येऊन सांगितलं, की म्हाताऱ्यांना बसही फुकट आहे, आत्ताच साहेब म्हणाले. तेव्हा कुठं आबा पायरी चढले. वर चढता चढता कंडक्टरला म्हणाले, "हे बरं केलं सरकारनं." कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी बाहेर बघितलं.

त्याला आता अकरा वर्षं झाली.

आबा माझे वडील. त्यांचं नाव सांडू. आमच्या भागात हे नाव घरटी एक असतं, म्हणून लोक त्यांना उजेडवाला सांडू म्हणायचे. लेण्यांत चित्रं आहेत आणि खिडक्या नाहीत. पूर्वी आत दिवे नव्हते, मशाल न्यावी तर धुरानं चित्रं काळी पडणार. म्हणून मग उन्हाचाच उजेड आत न्यायचा. आबा लेण्यासमोरच्या उघड्या दगडी ओट्यावर कपाटाचा मोठा आरसा घेऊन उभे राहायचे. आरशातलं ऊन ते लेण्याच्या दारावर मारायचे. दारात दुसरं माणूस फळी घेऊन उभं असायचं, चंदेरी कागद चिकटवलेली. आरशातलं ऊन फळीवर पडायचं आणि फळीवरून आत सोडायचं. गाईड सांगेल त्या भिंतीवर, त्या छतावर, त्या राजाच्या मुकुटावर.

ते दुसरं माणूस म्हणजे मी. नऊ वर्षांची होते तेव्हापासून लग्न होईपर्यंत.

मी तिसरीत होते. मास्तर घरी आले होते, पोरीचं डोकं चांगलं आहे, काढू नका म्हणून सांगायला. आबा त्यांना म्हणाले, "शाळेत ही एकटी शिकेल, मास्तर. तिथं हिच्यामुळं शंभर माणसं बघतात." मास्तर उठून निघून गेले. मी नऊ वर्षांची होते आणि मला ते बोलणं फार भारी वाटलं होतं. भारी वाटायचं थांबलं ते पुढं, हळूहळू. वाचायला मी पाट्यांवरून शिकले. लेण्यांबाहेरच्या निळ्या पाट्या आणि पुड्यांचे कागद. पुढं सोयगावला शाळेत खिचडी शिजवायला लागले तेव्हा मुलांची पुस्तकं. हेडमास्तर एकदा म्हणाले, कौतिकाबाई, तुम्ही बी.ए. असाल. मी म्हटलं, नाही साहेब, मी तिसरी नापास. नापाससुद्धा नाही. परीक्षेला बसायच्या आधीच फळी धरली.

बसमध्ये आबांनी विचारलं, "ऊन आहे का?"

श्रावणातलं आभाळ होतं, काळंभोर, डोंगराच्या डोक्यावर टेकलेलं. "आहे थोडं," मी म्हणाले. आता त्याची काही गरज नव्हती, आत वीज आली होती, पण त्यांना रोज सकाळी हे विचारायची सवय होती आणि मला रोज सांगायची.

त्यांच्या डोळ्यांचं असं झालं होतं की मधलं दिसेनासं झालं होतं. नजर जिथं लावावी तिथंच नेमका डाग. समोरच्या माणसाचं तोंड पुसलेलं आणि दोन्ही कान शाबूत. त्यामुळं कुणाकडं बघायचं झालं तर ते तोंड दुसरीकडं करायचे आणि कडेनं बघायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा रागावलाय. कोणी म्हणायचं तीस वर्षं आरशात ऊन बघितल्यानं झालं, कोणी म्हणायचं वयानं. औरंगाबादच्या डॉक्टरनं कारण काही सांगितलं नाही. त्यानं फक्त मला बाहेर बोलावून सांगितलं, की कडेचंही जाईल, दिवाळीपर्यंत धरून चला. मी आबांना सांगितलं, थेंब नेमानं घातले तर थांबेल म्हणे.

पण त्यांना कळलं असावं. कारण श्रावण लागल्यावर एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "कौतिके, मला ते चित्र बघायचं."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? जिथं माणसं गप्प होतात ते."

मी भाकरी मोडत होते. मोडतच राहिले.

हे माणसांचं गप्प व्हायचं मला लहानपणापासून पाठ होतं. आबा उन्हात उभे, आत काय चाललंय ते त्यांना दिसायचं नाही, दारापुढं सगळा काळोख. पण ऐकू यायचं. गाईड मुनाफचाचा आत बोलायचे, माणसं हसायची, पोरं ओरडायची, कोणी आवाज घुमतो का बघायला हूऽ करायचं. आणि मग दर खेपेला एका जागी सगळं थांबायचं. पन्नास माणसं असोत नाहीतर शंभर. चपलांचासुद्धा आवाज नाही. तीन-चार मिनिटं. मग कोणीतरी मोठा श्वास सोडायचं आणि पुन्हा कुजबुज सुरू. आबा रात्री जेवताना सांगायचे, "आज मद्रासकडची माणसं होती. तीही गप्प झाली. परवा गोरे आले, तेही गप्प. भाषा कुठलीही असू दे. त्या जागी मी आरसा असा धरतो, असा, पापणी हलवत नाही. जरा हललो तर मोडेल त्यांचं."

"मग आत जाऊन बघा की एकदा," आई म्हणायची.

"कधी बघू? ऊन असतं तेव्हा मी बाहेर. ऊन गेलं की आत अंधार."

खरंच होतं ते. आणि सुट्टीच्या सोमवारी लेणी बंद. मुनाफचाचांना विचारायचं, तर एवढी वर्षं उजेड धरून आत काय आहे ते विचारायचं कसं? लाज वाटायची. मग आत दिवे बसले. आबांची नोकरी सुटली असंही म्हणता येत नाही, कारण ते कुणाच्या नोकरीत नव्हतेच. गाईड लोक काय देतील ते. एक दिवस मुनाफचाचांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, सांडू, अब आराम करो. झालं. आरसा आईनं कुंकू लावायला भिंतीशी टेकवला, आणि त्यात ती गुडघ्यापर्यंतच दिसायची म्हणून हसायची. ती गेली. मुनाफचाचाही गेले. माझे मालक गेल्यावर मी आबांना सोयगावला माझ्याकडं आणलं. आणि तिकीट काढून लेणी बघायचं कुणी नाव काढलं की आबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तिकीट? मी? माझ्याच उजेडाला पैसे देऊ?"

मग त्या वर्षी पेपरात आलं, पंधरा ऑगस्टला प्रवेश फुकट. मी वाचून दाखवलं. आबा तोंड फिरवून माझ्याकडं बघत म्हणाले, "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग चालेल."

लेण्याखाली पायऱ्यांपाशी डोलीवाले बसले होते. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून चार जण खांद्यावर वर नेतात. त्यातला एक उठून पुढं आला. उखर्डू. आता त्याचेही केस पिकले होते.

"सांडूदादा! उजेडवाले!" तो म्हणाला. "बसा डोलीत. तुमच्याकडून काय घ्यायचंय."

आबांनी छाती फुगवली. खरंच फुगवली. "मी काय पाहुणा आहे का रे? ह्या पायऱ्या मला ओळखतात."

"पायऱ्या ओळखतात हो, पण तुम्ही त्यांना ओळखायला पाहिजे ना."

"तुझी जीभ अजून तशीच आहे."

"मग काय? तेवढीच एक झिजली नाही."

आबा चढले. माझ्या खांद्यावर हात ठेवून, पाय चाचपत. पाऊण तास लागला. खाली वाघूर नदी भरून चालली होती आणि तिचा आवाज सगळ्या दरीत कोंडला होता. लोक बाजूनं पळत वर जात होते, फोटो काढत होते, दमून बसत होते. कुकरवाली बाई तीनदा भेटली. प्रत्येक वळणावर कुकर खाली ठेवून बसलेली.

त्या लेण्याच्या दाराशी रांग होती. चाळीस माणसं आत, बाकीची बाहेर. आतली निघाली की पुढची. रांग त्याच दगडी ओट्यावरून वळत गेली होती जिथं आबा उभे राहायचे. त्यांनी पायानं जमीन चाचपली, दोन पावलं डावीकडं सरकले आणि थांबले.

"इथं," ते म्हणाले. "इथं एक खळगा आहे. माझ्या टाचेनं पडलेला."

खळगा होता. टाचेनं पडला की पावसानं, देव जाणे.

"काय करायचे बाबा तुम्ही इथं?" मागच्या तरुणानं विचारलं. जळगावकडचा असावा, बरोबर नवीन बायको होती, हिरवा चुडा भरलेली. आबांनी त्याला सगळं सांगितलं. आरसा, फळी, ऊन. दोन तास रांग सरकत होती आणि दोन तास आबा सांगत होते. मी इतकी वर्षं त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. हात वर करून आरसा कसा धरायचा ते दाखवलं. धरून ठेवला हात, तसाच.

"आणि मग एका चित्रापाशी सगळी माणसं गप्प," आबा म्हणाले. "दर खेपेला. तीस वर्षं. बघ तू आता आत गेल्यावर."

"असं काय आहे तिथं?" नवरीनं विचारलं.

"ते आता बघायचं," आबा म्हणाले. "मी पण आजच बघणार आहे."

नवरा हसला, पण वाईट नाही हसला. "बाबा, आता मोबाइललाच टॉर्च असतो."

"असेल. पण त्यानं माणसं गप्प होतात का?"

"नाही बुवा. त्यानं तर जास्तच बोलतात."

कुकरवाली बाई आमच्या पुढं तीन माणसं सोडून होती. वळून म्हणाली, "अहो ताई, आत हात जोडायचे की नुसतं बघायचं?"

"तुम्हाला वाटेल तसं," मी म्हणाले.

"असं नसतं ना हो. काहीतरी रीत असेल."

शिट्टी वाजली. दारातला पहारेकरी ओरडला, चपला काढा, चपला काढा, आतली माणसं बाहेर येऊ द्या. मग आम्ही आत.

आत आधी काहीच दिसलं नाही. मग खांब दिसले, मग भिंतींशी खाली ठेवलेले पिवळट मंद दिवे, मग भिंतीवर काहीतरी तांबूस, काहीतरी हिरवं. आणि माणसांची डोकी. आणि मोबाइल, हातांच्या वर धरलेले. कुणाचं तरी बाळ रडत होतं. कुणाला तरी फोन आला होता आणि तो ओरडून सांगत होता, "आत आहे, आत! लेण्यात! रेंज नाही!" रेंज नाही हे तो बराच वेळ सांगत होता.

"कुठं?" आबांनी विचारलं.

"मागच्या कोपऱ्यात, डावीकडं. खांबाच्या पलीकडं."

मी त्यांना घेऊन गेले. जागा मला झोपेतही सापडली असती. दारातून ती कधीच दिसायची नाही, मधे जाड खांब आडवा. पण मुनाफचाचा माणसांना घेऊन त्या खांबाआड जायचे ते मी सहा वर्षं बघितलं होतं.

आबा भिंतीसमोर उभे राहिले. त्यांनी तोंड उजवीकडं फिरवलं. मग डावीकडं. मग वर. हनुवटी छातीला लावून भुवयांखालून बघितलं. कोंबडी दाणा बघते तसं एकेका डोळ्यानं बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"दिसतंय का?"

"काळं आहे," ते म्हणाले. "तांबडं काहीतरी आहे. हलतंय."

"ते माणसाचं डोकं आहे, आबा. त्याच्या पलीकडं बघा."

"बघतोय ना."

मागून रेटा आला. आबा भिंतीजवळच्या कठड्यावर आपटले, सावरले. शिट्टीवाला ओरडला, "पुढं चला, पुढं चला, फोटो काढू नका, थांबू नका!" कोणी हूऽ केलं आणि सगळं लेणं घुमलं, मग दहा जणांनी हूऽ केलं.

आबा म्हणाले, "ही ती जागा नाही."

"तीच आहे."

"नाही. इथं बोलतायत सगळे." ते माझ्यावर चिडले. "तू चुकलीस. तुला आठवत नाही."

"आबा, मला आठवतं."

"मग गप्प काहून नाहीत?" आणि ते वळले, शिट्टी ऐकू येत होती त्या दिशेला हात करून म्हणाले, "ओ साहेब! ह्यांना जरा गप्प करा! इथं गप्प व्हायचं असतं!"

पाच-सहा जण हसले. शिट्टीवाला माणूस तसा बरा होता, सकाळपासून ओरडून घसा बसलेला. म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा त्यांना. माझं कोण ऐकतंय?"

मग आबांनी खरंच सांगायला सुरुवात केली. त्या कोपऱ्यात, चाळीस माणसांना, ज्यांची तोंडं त्यांना दिसत नव्हती. "हा उजेड कामाचा नाही," ते म्हणाले. "मेलेला उजेड आहे हा. माझ्या उजेडात बघायला पाहिजे होतं तुम्ही. मी बाहेर आरसा धरायचो, तीस वर्षं धरला, आणि इथं माझा उजेड पडला की राजा असो, गोरा असो, सगळे गप्प! माझी पोरगी साक्षीला आहे. ही दारात असायची. कौतिके, सांग. सांग ह्यांना, माझ्या उजेडात कसे गप्प व्हायचे."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. जळगावचा नवरा, नवरी, कुकरवाली बाई. एका पोरानं मोबाइल माझ्याकडं वळवला.

"सांग ना," आबा म्हणाले. "तुझी शाळा मी काय उगीच सोडवली?"

मी म्हणाले, "तुमचा उजेड इथं येतच नव्हता, आबा."

"काय?"

"खांब आडवा आहे. इथवर उजेड पोचायचा नाही. चाचा मला म्हणायचे, बेटी, बस. की मी फळी फिरवून घ्यायची. तुमचं ऊन फळीच्या पाठीवर पडायचं. आत सगळा अंधार. मग चाचा माणसांना डोळे मिटायला लावायचे, पन्नास अंक मोजायला लावायचे. मग डोळे उघडले की अंधारात चित्र दिसायचं. म्हणून गप्प व्हायचे. अंधारामुळं."

हे मी सावकाश सांगितलं. घाईत सांगितलं असतं तर घसरलं तोंडातून असं म्हणता आलं असतं. सकाळपासून मी त्यांच्याशी बसचं खोटं बोलले होते, उन्हाचं बोलले होते, डोळ्यांचं तर महिनाभर बोलत होते. अजून एक बोलायला मला काही जड नव्हतं. हो, गप्प व्हायचे, एवढे तीन शब्द. लोकांना मी आजवर सांगत आले की तोंडातून निघून गेलं. तसं नाही. नऊ वर्षांची होते तेव्हापासून ते मी जपून ठेवलेलं होतं, आणि त्यांनी शाळेचं नाव काढल्याबरोबर मी ते काढून त्यांच्या हातात दिलं.

कोपरा गप्प झाला. फार नाही, दोन-तीन श्वासांपुरता. नवरीनं नवऱ्याचा दंड धरला. मग शिट्टी वाजली.

बाहेर आल्यावर आबा ओट्यावर थांबले. पाऊस भुरभुरत होता. मी त्यांच्या चपला शोधून आणल्या, पायात घातल्या. त्यांनी एक एक पाय उचलून दिला, लहान मुलानं द्यावा तसा.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"किती खेपा?"

"जेवढ्या चाचांच्या असतील. आठ, दहा."

"तुझ्या लग्नानंतरही?"

"जागा तीच होती. खांब तोच."

"मुनाफनं सांगितलं नाही मला."

"ते म्हणायचे, सांडूनं आरसा एकदा खाली ठेवला तर पुन्हा नेम धरायला वेळ जातो. पुढच्या भिंतीला खोळंबा होतो. राहू दे धरलेला."

मला वाटलं ते ओरडतील. निदान मुनाफचाचांना शिवी देतील. मेलेल्या माणसाला शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. ते फक्त आपले खांदे चाचपत उभे राहिले, आधी उजवा, मग डावा.

"सांगायचं ना गं," ते म्हणाले. "तेवढा वेळ तरी खाली ठेवला असता. हात फार दुखायचे."

त्यांचे हात दुखायचे हे मला कळत होतं की नाही? कळत होतं. दारात फळी छातीशी धरून मी दुसरं करत काय होते? बाहेरच्या उन्हानं माझे डोळे दिपलेले, आतलं मला काही दिसायचं नाही. मी बाहेर त्यांच्याकडंच बघत असायची. पांढऱ्या उन्हात एक माणूस, हात डोक्यावर, कोपरं लटलटतायत, पापणी हलवत नाही. आणि त्यांच्या उजेडाची सगळी ऊब फळीच्या पाठीवर. मला तेव्हा मजा वाटायची. एवढा मोठा माणूस उभा आहे आणि त्याला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे.

उखर्डूनं खालून बघितलं असावं. तो डोली घेऊन वर आला, आणि ह्या वेळी काही चेष्टा केली नाही. आबा मुकाट खुर्चीत बसले. चार जणांनी उचललं. मी मागून त्यांची पिशवी घेऊन उतरले.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. पाऊस वाढला होता, काचेवर पाणी. फाट्याला पोचायच्या जरा आधी म्हणाले, "होतं काय तिथं?"

"कुठं?"

"भिंतीवर. आज दिवे आहेत. तुला तर दिसलं असेल."

मी आठवायला लागले. मागचा कोपरा, कठडा, मंद दिवा, हूऽ करणारी माणसं. आणि भिंतीसमोर मान वळवणारं, वर करणारं, खाली करणारं त्यांचं तोंड. त्यांचं तोंड मला रेघेनरेघ आठवत होतं. भिंत आठवत नव्हती.

"मी बघितलंच नाही, आबा."

बस थांबली, मी त्यांना धरून उतरवलं.

संध्याकाळी आमच्या गल्लीत बातमी पोचलेली होती, कारण सकाळी आबांनीच घरोघरी सांगितली होती. दारासमोर सगळी जमली. समोरची पार्वताक्का, तिच्या सुना, रेशनवाला कडुबा, शाळेतून झेंडावंदन करून आलेली पोरं. आबा ओसरीत भिंतीला टेकून बसलेले, टोपी मांडीवर.

"दादा, बघितलं का ते चित्र?" पार्वताक्कानं विचारलं. "एवढी वर्षं ऐकतोय आम्ही. कसं आहे, सांगा तरी."

"सांगा, सांगा," कडुबा म्हणाला. "आम्हाला काय जाणं होणार आहे?"

आबांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली.

"कौतिकेला विचारा," ते म्हणाले. "आत तीच असायची."

एवढं बोलून ते उठले आणि चाचपत घरात गेले. त्यानंतर सहा वर्षं जगले. कडेचं दिसणं दसऱ्यालाच गेलं, दिवाळीपर्यंतही थांबलं नाही. त्या सहा वर्षांत त्यांनी सकाळी उठून ऊन आहे का म्हणून मला एकदाही विचारलं नाही, आणि लेण्यांचं नाव काढलं नाही.

पण त्या संध्याकाळी सगळी गल्ली माझ्याकडं वळली. पोरं पुढं सरकून बसली. पार्वताक्कानं पदर नीट केला, कीर्तनाला बसताना करतात तसा.

"सांग बाई," ती म्हणाली.

मी म्हणाले, "गर्दी फार होती."